वाघूर आणि जागल : दख्खनच्या माळावरील मेंढरांची राखण

दख्खनच्या पठारावरील धनगर मेंढपाळ रात्री ज्या जाळ्याच्या घेऱ्यात मेंढरे कोंडतात, त्याला ‘वाघूर’ किंवा ‘वाघर’ म्हणतात. वाघाला अडवते ती वाघूर, अशी फोड ऐकणाऱ्याला सहज सुचते. पण ती खरी नव्हे. हा शब्द संस्कृतातील ‘वागुरा’ या शब्दाशी जोडलेला असून वागुरा म्हणजे हरणे धरण्यासाठी पारध्याने लावलेले जाळे होय. म्हणजे मुळात शिकारीचे असलेले हे साधन मेंढपाळाच्या हाती येऊन राखणीचे झाले, आणि नाव मात्र जुनेच राहिले. या माळावर राखणीची रीत कशी घडली, हे समजून घ्यायला वाघुरीपासूनच सुरुवात करणे सोयीचे आहे.

माण, खटाव, फलटण, सांगोला, कर्जत हा सारा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील असून तेथे वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे येथील धनगरांचे बरेच वाडे (वाडा म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा तांडा) दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात, काही घाट उतरून कोकणात जातात, आणि मृगाच्या सुमारास गावाकडे परततात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरे ‘बसवली’ जातात, म्हणजे रात्रभर तेथे कोंडून त्यांच्या लेंड्यांचे आणि मुताचे खत जमिनीला मिळवून दिले जाते, आणि त्याच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतले जातात. गावातल्या शेळ्यामेंढ्यांसाठी बाभळी-बोरीच्या फांद्यांचे वाडगे पुरते. पण जेथे दोन-तीन रात्रींनी मुक्कामच हलतो, तेथे काट्यांचे कुंपण रोज कोण रचणार? गुंडाळून घोड्याच्या पाठीवर टाकता येईल आणि अर्ध्या तासात पुन्हा उभे करता येईल, असे कुंपण हवे होते. वाघुरीने ती गरज भागवली.

सुती वा तागाच्या, आणि अलीकडे नायलॉनच्या, दोरीने विणलेले हे जाळे लाकडी खुंटांना ताणून बांधले की जेमतेम छातीइतके उंच होते. लांडग्याला ते ओलांडणे अवघड नसते, हे मेंढपाळ पुरते जाणून असतो. प्रश्न लांडगा आत येण्याचा जितका असतो, तितकाच मेंढरे बाहेर पडण्याचा असतो. कारण लांडगा पुष्कळदा कळपाभोवती नुसता फिरूनच मेंढरांना बुजवतो, बुजलेला कळप अंधारात चौखूर उधळतो, आणि मग एकट्या पडलेल्या कोकराला उचलणे त्याला सोपे जाते. वाघूर हे उधळणे रोखते आणि मेंढरांना अंगाला अंग लावून एका जागी ठेवते, तोवर कुत्री आणि माणसे जागी होतात. राखणीचे खरे काम जाळ्यापेक्षा त्याने मिळवून दिलेला हा वेळ करतो. अगदी लहान कोकरांना मात्र या घेऱ्यातही ठेवत नाहीत. त्यांची जागा बिऱ्हाडाजवळ, माणसांच्या निजण्याच्या कुशीतच असते.

वाघुरीच्या बाहेर कुत्री असतात. मुधोळच्या संस्थानिकांनी जोपासलेल्या शिकारी कुत्र्याला नाव आणि प्रतिष्ठा मिळाली. मेंढपाळाच्या कुत्र्याला यांतले काही लाभले नाही, आणि त्याच्या जातकुळीची नोंद ठेवावी असे फारसे कोणाला वाटलेही नाही. पिल्लू असल्यापासून मेंढरांतच वाढल्यामुळे हे कुत्रे कळपाला आपले गोत मानते, आणि लांडग्याशी झुंजण्यापेक्षा वेळेवर भुंकण्यातच त्याचा खरा उपयोग असतो. त्याच्या जोडीला माणसांची जागल, म्हणजे आळीपाळीने रात्र जागून काढणे, ठरलेली असते. जवळ काठी, कुऱ्हाड आणि गोफण, अंगावर घोंगडे.

घरच्या कोंबड्यांची राखण याच्या मानाने साधी, आणि ती बहुधा बायकांकडे असे. दिवस मावळताना कोंबड्या खुराड्यात घालायच्या किंवा डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली, झाकून वर दगड ठेवायचा. मुंगसाला चार बोटांची फटही पुरते, म्हणून खुराड्याचे दार लावण्यापेक्षा त्याच्या फटी बुजवण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागे. सह्याद्रीच्या डोंगराळ भागात राखणीला श्रद्धेचीही जोड होती : आदिवासी समाजात आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, वाघदेवाची पूजा करून जनावरांच्या रक्षणाचे मागणे मागितले जाते. ही पूजा वाघाला संपवण्यासाठी नसते. त्याच्याशी सलोखा राखण्यासाठी असते.

ब्रिटिश सरकारने मात्र वेगळा मार्ग धरला. हिंस्र जनावर मारून त्याचे कातडे किंवा डोके अधिकाऱ्यासमोर हजर करणाऱ्यास रोख इनाम देण्याची पद्धत हिंदुस्थानभर रूढ झाली. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत या इनामांसाठी ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा सरकारी नोंदींवरून केलेला हिशेब आहे. याच काळात, १८७८ च्या शस्त्र कायद्याने, सामान्य रयतेच्या बंदुका परवान्याच्या कचाट्यात गेल्या. म्हणजे एका हाताने इनाम आणि दुसऱ्या हाताने निःशस्त्रीकरण असा हा कारभार होता. त्याहून मोठा दोष मोजणीत होता. सरकार मेलेली जनावरे मोजत होते, वाचलेली मेंढरे कोणी मोजत नव्हते. माळावरल्या धनगराची जागल या इनामांमुळे एका रात्रीनेही कमी झाली नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारडे उलटे फिरवले. कालपर्यंत इनामाचे लक्ष्य असलेला लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आला. तोवर गवताळ माळ नांगराखाली आणि कालव्याखाली जात होते, काळविटे उणावली होती, आणि लांडग्याची मदार पूर्वीपेक्षा मेंढरांवरच अधिक पडू लागली होती. मारलेल्या मेंढरामागे सरकारी भरपाई मिळते, पण त्यासाठी वनखात्याचा पंचनामा व्हावा लागतो, आणि पंचनाम्याची वाट पाहत थांबणे गावातल्या शेतकऱ्याला जमते, उद्या पुढच्या रानाचा वायदा दिलेल्या वाड्याला जमत नाही. भरपाईची ही रचना स्थिर माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे, हे स्पष्टच आहे. म्हणून बारामती-फलटणच्या बाजूला आजही संध्याकाळी रस्त्याकडेच्या रानात खुंट ठोकले जातात, नायलॉनची वाघूर ताणली जाते, आणि तिच्याबाहेर कुत्री मोकळी सोडली जातात.