काट्यावरचं पाणी

मुंबईत 1874 साली ट्राम सुरू झाली ती घोड्यांच्या जिवावर, आणि 1907 पर्यंत घोडेच ती ओढत होते. शिवाय व्हिक्टोरिया, बैलगाड्या, तबेल्यांतल्या म्हशी. एवढ्या तोंडांचं गवत उत्तरेकडून यायचं. वसई-पालघरपासून डहाणू-उंबरगावपर्यंतच्या गवताळ वरकस जमिनी आणि 1864 पासून त्यांच्या कुशीतून धावणारी बी.बी.सी.आय. रेल्वे, अशी सोय जुळली होती. मोकळं गवत वाघिणीत भरलं तर जागा संपते, वजन भरत नाही. म्हणून ते दाबून गाठी बांधायचे प्रेस.

मी गवताच्या वखारीत काट्यावर बसायला लागलो तोवर घोडे कधीच गेले होते. गिऱ्हाईक उरलं होतं तबेलेवाल्यांचं. तोलायला कोणीही शिकतो. गवत गाठीला आलं की नाही, हे ओळखणं मात्र आमच्या वारली प्रेसवाल्याकडेच होतं. भाऱ्याच्या पोटात हात घालून तो मूठभर काड्या काढायचा, पिळायचा आणि पेरावर नख लावायचा. पान दोन उन्हांत कडक होतं, पेर मात्र आत ओल धरून बसतं. तडकन् मोडलं तर घ्यायचं, वाकलं तर पुन्हा उन्हात. दव उडाल्याशिवाय तो प्रेसला हात लावू देत नसे. शेठ घाई करायचा, हा विडी ओढत बसायचा. फार सुकलं तरी पंचाईतच. पानांचा चुरा होतो आणि गाठीत नुसत्या काड्या जातात.

आज यंत्र सांगतं की ओल विसाच्या आत हवी, म्हणजे शंभर किलोंत वीस किलोंपेक्षा कमी पाणी. त्यावर गेली की गाठीच्या पोटात बुरशी आणि जंतू कामाला लागतात, गाठ तापते. साधारण सत्तर अंशांना जंतू मरतात, पण तोवर रासायनिक क्रियेनं जोर धरलेला असतो आणि काडी न ओढता वखार पेटू शकते. म्हणून गंजीत लोखंडी सळई खुपसून ठेवायची. उपसल्यावर धरवली नाही, तर गंजी मोडायची.

आता मजुरीचं. 1945 च्या ऑक्टोबरात, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या बळावर, वारल्यांनी गवतकापणीचा संप केला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो. हे वजन सुक्या गवताचं धरून हिशेब मांडून पाहा. पंधरा टक्के ओलीच्या पाचशे पौंडांत कोरडा माल सव्वाचारशे पौंड. उभ्या गवतात साठ टक्के पाणी असलं, तर तेवढ्यासाठी विळा चालवायचा हजार पौंडांच्या वर. उडून गेलेलं पाणी कापायचं, उचलायचं, पसरायचं मजुरानं, आणि काट्यावर ते मोजायचं कोणी नाही. संपाच्या बातम्यांत अडीच रुपयांचा आकडा सगळ्यांना दिसतो. मला, काटेवाल्याला, पाचशे पौंडांचा आधी दिसतो.

आणि वेळ बघा. फुलोऱ्याला आलेलं गवत थांबत नाही. चार आठवडे उभं राहिलं की कुसळं गळतात, काडी लाकडासारखी होते, जनावर तोंड लावत नाही. भात कापायला मजूर चार दिवस उशिरा आले तर मालक कुरकुरतो. गवताला उशीर झाला तर त्याचा हंगामच जातो. जमीनदार बिथरले ते यामुळंही, असं माझं मत. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. तरी संप मोडला नाही. अडीच रुपयांचा दर मालकांना मान्य करावा लागला.

हल्ली तबेल्याचा माणूस खिशात ओल मोजायचं यंत्र घेऊन येतो. लांब सळई गाठीत खुपसली की आकडा उमटतो; ओल्या गवतातून वीज सहज जाते, सुक्यातून अडखळते, एवढीच त्यातली करामत. बावीस दिसले की लगेच भाव पाडतो. बारा दिसले तर गपचूप यंत्र खिशात टाकतो आणि पंधराच्याच भावानं वजन करायला सांगतो.