फलकावरचे नाव

"यंदा काहीतरी ऐतिहासिक द्या," असे संपादकांनी कळविले, तेव्हा त्यांच्या मनात एखादा किल्ला, एखादे जुने घराणे, नाही तर आमच्या वणीच्या रंगनाथस्वामींच्या देवळाची हकीकत असावी. मी मात्र त्यांना क्रिकेटच्या एका हंगामाची हकीकत पाठवीत आहे. माझ्यासारख्या शाळामास्तराने, ज्याने उभ्या आयुष्यात धड बॅट धरली नाही त्याने, क्रिकेटवर लिहावे हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण इतिहास काय फक्त लढणाऱ्यांचाच असतो? तटावर उभे राहून ज्यांनी लढाई पाहिली, त्यांनाही काही सांगायचे असते. मी त्या तटावरचा माणूस आहे.

आमच्याकडे दोन हंगाम बरोबरीने सुरू होतात. दसऱ्याच्या आगेमागे कापूस फुटू लागतो, आणि त्याच सुमारास वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर रणजी करंडकाचे धावफलक येऊ लागतात. कापसाची वेचणी संपत येते तेव्हा तो करंडकही कुणाच्या तरी घरी गेलेला असतो. तो 'कुणीतरी' आम्ही कधीच नसायचो. आम्ही म्हणजे विदर्भाचा संघ. साठ वर्षे हे असेच चालले होते.

मग अशा संघावर जीव का जडावा? याचे उत्तर मला नावात सापडते.

नाव हरवणे म्हणजे काय, हे वणीच्या माणसाला सांगावे लागत नाही. इंग्रजी अमदानीत आमच्या अख्ख्या जिल्ह्याला वणीचे नाव होते. साहेब लोक त्याचा उच्चार 'वून' असा करीत. कचेऱ्या यवतमाळला, पण नाव आमचे. १९०५ साली तेही गेले आणि जिल्हा यवतमाळचा झाला. याच वणीत १८८० साली माधव श्रीहरी अणे, म्हणजे लोकनायक बापूजी अणे, जन्मले. विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे असा त्यांचा आग्रह होता. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगानेही तशीच शिफारस केली. पण ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात. ते योग्य झाले की अयोग्य, हा वाद आमच्याकडे ओट्याओट्यावर चालतो. फराळाच्या ताटावर तो मला नको आहे. मला एवढेच सांगायचे आहे, की नकाशावर ज्या नावाला जागा मिळाली नाही, त्या नावाला पुढच्याच वर्षी एका वेगळ्याच फलकावर जागा मिळाली. १९५७-५८ च्या हंगामात 'विदर्भ' नावाचा संघ रणजी करंडकासाठी प्रथम उतरला. आजही एका महाराष्ट्र राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ खेळतात. क्रिकेटने जुने नाव आपल्या कपाटात जपून ठेवले.

त्याआधी आमच्याकडे खेळ नव्हता असे मात्र नाही. १९३४ साली रणजी स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून मध्यप्रांत व वऱ्हाडचा संघ तिच्यात होता. आणि भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू हे तर नागपूरचेच; १८९५ साली ते तेथे जन्मले. १९२६ साली मुंबईला त्यांनी गिलिगनच्या इंग्लिश संघाविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा काढल्या, त्याची कथा आजही सांगितली जाते. परंतु तेव्हा ते नागपूर सोडून होळकरांच्या आश्रयाला इंदूरला गेले होते. नायडूंना घेऊन होळकरांच्या संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला. मोती आमच्या शिंपल्यातला, हार इंदूरच्या गळ्यात!

आमच्या गावात एक मुनीमजी आहेत. त्यांचे नाव सांगत नाही, कारण ते त्यांना रुचणार नाही. सारी हयात त्यांनी जिनिंगच्या हिशेबात घालविली. तरुणपणापासून त्यांनी विदर्भाच्या सामन्यांची एक लाल चोपडी ठेवली आहे. जिंकलेला सामना जमेच्या बाजूला, हरलेला नावेच्या बाजूला. अनिर्णित सामना ते 'येणे बाकी' म्हणून लिहितात. ती चोपडी त्यांनी मला एकदा दाखविली. नावेची बाजू पानेच्या पाने भरलेली, जमेची बाजू दुष्काळी सालच्या विहिरीसारखी. मी म्हटले, "मुनीमजी, एवढा तोटा होऊन दुकान चालू कसे?" ते म्हणाले, "मास्तर, वावर तोट्यात गेलं म्हून कोणी वावर सोडते काय?"

२०१७ साली हा प्रश्न थट्टेचा राहिला नाही. त्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा होऊ लागली. शेकडो माणसे आजारी पडली आणि विसाच्या आसपास दगावली. माझ्या वर्गातला एक मुलगा तेव्हा पंधरा दिवस शाळेत आला नाही. त्याचा बाप फवारणीहून आला तो डोळे चोळत आणि ओकत. तो वाचला, परंतु त्या हंगामात त्याच्या हातून काम झाले नाही. मुलगा परत आला तो निम्मे दिवस शाळेत आणि निम्मे दिवस वेचणीला. पुढे वेचणी सुरू झाली तर बोंडांत गुलाबी अळी. घरोघरी बोलणे तेच, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी गप्प बसणे तेच.

अशा दिवसांत खेळाचे पान उघडायची लाज वाटे. पण मुनीमजी रोज सकाळी बसस्टँडवर नागपूरचे वर्तमानपत्र घ्यायला यायचे, आणि मीही जायचो.

त्या वर्षी संघात काही निराळे घडत होते. मुंबईचे चंद्रकांत पंडित शिक्षक म्हणून आले होते. शिस्तीचे कडक, असा त्यांचा लौकिक. मुंबईचाच वासिम जाफर दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आला होता. आदल्या हंगामात दुखापतीमुळे तो खेळू शकला नव्हता, म्हणून यंदा मानधन न घेता खेळत होता. कर्णधार फैज फजल नागपूरचा. २०१६ साली भारतातर्फे एकच एकदिवसीय सामना त्याच्या वाट्याला आला. त्यात तो ५५ धावा करून नाबाद राहिला आणि पुन्हा कधी त्याला बोलावणे आले नाही. उमेश यादव तर खापरखेड्याजवळच्या खाणीतल्या कामगाराचा मुलगा. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला पहिला खेळाडू. वणीच्या चहूकडे कोळशाच्या खाणी आहेत. त्यामुळे हा आमच्या पोरांना घरचाच वाटतो.

ऑक्टोबरात मोहालीला पंजाबवर डावाने विजय मिळाला. मुनीमजींनी जमेकडे टिपण केले आणि शाई वाळेपर्यंत पान उघडे ठेवले. मग कल्याणीला बंगालवर दहा गडी राखून विजय. फजल आणि संजय रामस्वामी ही सलामीची जोडी धावांचे ढीग रचीत होती. डिसेंबरात सुरतेला केरळवर ४१२ धावांनी मात करून आम्ही उपांत्य फेरीत आलो. तेव्हा तो वेचणीचा मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आपला विदर्भ जितला ना?" 'आपला' हा शब्द त्या दोन महिन्यांत मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकला.

पुढची गाठ कर्नाटकाशी होती, आठ वेळा करंडक जिंकलेल्या संघाशी. सामना कलकत्त्याला ईडन गार्डनवर. आमचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने ३०१ केल्या. त्यांत एकट्या करुण नायरच्या १५३. येथे एक नियम सांगावा लागतो. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे जातो. म्हणजे ११६ धावांचे ओझे आमच्या डोक्यावर, आणि जिंकल्यावाचून सुटका नाही. दुसऱ्या डावात आम्ही ३१३ केल्या. गणेश सतीश, जो मूळचा कर्नाटकाचाच, त्याने ८१ काढल्या. कर्नाटकाला जिंकायला १९८ हव्या होत्या.

चौथ्या दिवसाच्या अखेरीस त्यांचे सात गडी १११ धावांत बाद झाले होते. चहाच्या टपरीवर लोक विजयाची भाषा करू लागले. मुनीमजी म्हणाले, "अजून तीन गडी हायेत. हराले काई लय वेळ लागत नाई." आणि २१ डिसेंबरच्या सकाळी ते खरे ठरू लागले. कर्नाटकाचे शेपूट हटेना. ८७ हव्या होत्या त्या साठ झाल्या, तीस झाल्या, दहाच्या आत आल्या. टपरीवर दूरदर्शनसंच होता. दूध उतू गेले तरी कुणाचे लक्ष नव्हते. चेंडू रजनीश गुरबानीच्या हाती होता. चोवीस वर्षांचा, शिक्षणाने इंजिनियर. त्या सकाळचे तिन्ही गडी त्यानेच टिपले. कर्नाटक सर्वबाद १९२. पाच धावांनी विजय! साऱ्या सामन्यात गुरबानीचे बारा बळी. टपरीवर आरडाओरडा झाला आणि मुनीमजी मात्र बाकावर बसूनच राहिले. मी म्हटले, "मुनीमजी, जिंकलो!" ते म्हणाले, "समजलं जी. तोंडाले सवय नाई."

अंतिम सामना दिल्लीशी, आणि तो इंदूरला, होळकर स्टेडियमवर. नायडू ज्या गावी गेले, त्याच गावी विदर्भ निघाला होता. २९ डिसेंबरला सामना सुरू झाला. दिल्लीच्या ध्रुव शोरेने १४५ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी गुरबानीने एका षटकाच्या अखेरच्या दोन चेंडूंवर दोघांचे आणि पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर खुद्द शोरेचे त्रिफळे उडविले. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी हॅट्ट्रिक यापूर्वी एकदाच झाली होती. १९७२-७३ साली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने मुंबईविरुद्ध केली होती. दिल्लीच्या २९५ ना उत्तर म्हणून आम्ही ५४७ केल्या. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३, आपले या दर्जाच्या क्रिकेटातले पहिले शतक, नेमके त्या दिवशी काढले. दिल्ली पुन्हा २८० मध्ये बाद झाली. उरल्या २९ धावा. १ जानेवारी २०१८, चौथाच दिवस. जाफरने चौकारांवर चौकार मारून त्या काढल्या, आणि नऊ गडी राखून विदर्भाने रणजी करंडक जिंकला.

मी सकाळची शाळा आटोपून टपरीवर गेलो होतो. कुणी फटाके आणले. दिवाळीतले उरलेले, सर्दावलेले, निम्मे फुटलेच नाहीत. मुनीमजींनी चोपडी काढली, जमेच्या बाजूला आकडे घातले आणि खाली रेघ ओढली. पूर्वी पानाखाली अशी रेघ त्यांनी कधी ओढलेली मी पाहिली नव्हती.

खरे सांगायचे तर त्या विजयाने कापसाचा भाव दोन रुपयांनीही चढला नाही. अळीने खाल्लेले बोंड परत भरले नाही, आणि जी घरे उजाड झाली ती झालीच. खेळ दुःखाचे औषध आहे असे मी म्हणणार नाही. औषध या शब्दाचीच आम्हाला त्या वर्षी धास्ती बसली होती. पण आमचे नाव त्या हंगामात वर्तमानपत्रांत ज्या बातमीखाली छापून येत होते, त्याच्या जोडीला दुसरी एक बातमी आली. माणसाला आपले नाव केवळ मयताच्या यादीत वाचावे लागू नये, एवढी तरी त्याची अपेक्षा असते.

पुढचेही थोडे सांगतो. २०१८-१९ मध्ये नागपूरलाच सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले. मार्च २०२४ मध्ये मुंबईला वानखेडेवर आम्ही अंतिम सामना हरलो. ५३८ धावांचा पाठलाग करताना वाडकरने शतक काढले आणि ३६८ पर्यंत मजल गेली. मुनीमजींनी हा सामना नावेकडे लिहिला, पण अक्षर नेहमीपेक्षा सुबक काढले. २०२५ साली नागपूरला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा आमच्याकडे आला. त्यात ८६ आणि १३५ धावा कुणी केल्या? करुण नायरने, ज्याने ईडनवर आमच्या छातीवर १५३ ठोकल्या होत्या, तो आता विदर्भातर्फे खेळत होता. एके काळी आमचा मोती दुसऱ्यांच्या हारात गेला. आता परगावचे मोती आमच्या हारात येऊ लागले. हिशेब असाही फिटतो. "मास्तर, अनिर्णित म्हणजे येणे बाकी," मुनीमजी म्हणाले, "पण हे येणं वसूल झालं."

एक गोष्ट राहिली. २०१८ च्या त्या जानेवारीत मी वर्गात महाराष्ट्राचा नकाशा लावला होता. तो वेचणीचा मुलगा उठून पुढे आला. नकाशावर त्याने यवतमाळ शोधले, बोटाने पूर्वेला सरकत वणी शोधली. मग थांबून विचारले, "सर, यात विदर्भ कुठं लिहिला हाये?"

मी नकाशाकडे पाहिले. जिल्ह्यांच्या रेघा होत्या, नद्या होत्या, रेल्वे होती. ते नाव नव्हते. मी त्याच्या हाती खडू दिला आणि म्हटले, "फळ्यावर लिही." त्याने लिहिले. 'र्भ' वरचा रफार चुकला होता. तो मी त्याच्याकडून नीट करून घेतला.