जलयोजक विश्वेश्वरय्या : मुंबई इलाख्यांतील चोवीस वर्षें (इ. स. १८८४–१९०८)

१

गिरनारच्या पायथ्याशीं महाक्षत्रप रुद्रदामन् यानें इ. स. १५० च्या सुमारास जो लेख कोरविला, त्याच्या गद्याची थोरवी संस्कृताच्या अभ्यासकांस सांगावयास नको. परंतु त्या लेखाचा मूळ विषय एका तलावाची दुरुस्ती हा आहे, ही गोष्ट पुष्कळदां ध्यानांतून सुटते. सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या वेळीं पुष्यगुप्तानें बांधविला, अशोकाच्या वेळीं तुषास्फानें त्यास पाट काढले, पुढें अतिवृष्टीनें बांध फुटला आणि सुविशाखानें तो पुन्हां घातला, ही हकीकत त्यांत नांवांनिशीं आली आहे. बांधणाराचें नांव, बांध फुटल्याची स्पष्ट कबुली आणि दुरुस्त करणाराचें नांव, हीं तिन्ही एकाच ठिकाणीं देणारें साधन विरळाच होय.

आपल्याकडे याच्या उलट प्रकार आहे. कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत आलेला नळ नानासाहेब पेशव्यांच्या नांवानें ओळखला जातो. त्याचा उतार ज्यानें धरला त्याचें नांव मात्र लोकांच्या तोंडीं नाहीं. धनी आठवतो, योजक विस्मरणांत जातो. कौटिल्यानें सेतूंचे सहोदक आणि आहार्योदक, म्हणजे स्वतःचें पाणी असलेले व बाहेरून पाणी आणावयाचे, असे दोन भेद सांगितले. इतका सूक्ष्म विचार ज्या परंपरेंत झाला, तींत जलयोजकांचीं चरित्रें लिहिण्याची रीति मात्र पडली नाहीं.

सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे या नियमास अपवाद आहेत, असें वाचक म्हणतील. तें अर्धेंच खरें आहे. त्यांचें नांव सर्वश्रुत आहे. पण तें म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराजसागराचे प्रवर्तक म्हणून. ज्या चोवीस वर्षांत त्यांची विद्या व पद्धति घडली, तीं वर्षें मुंबई इलाख्याच्या नोकरींत, बहुतांशीं महाराष्ट्रांत गेलीं. त्या काळाचा विचार येथें कर्तव्य आहे.

२

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी येथें १५ सप्टेंबर रोजीं झाला. वर्ष कोठें १८६० तर कोठें १८६१ असें दिलेलें आढळतें. शताब्दीचा उत्सव व त्या निमित्तानें निघालेलें टपालाचें तिकीट, दोन्ही १९६० सालचीं आहेत. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजांत बी. ए. होऊन म्हैसूर सरकारच्या विद्यावेतनावर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजांत आले, १८८३ सालीं स्थापत्याच्या परीक्षेंत पहिले आले आणि १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत असिस्टंट इंजिनिअर झाले.

पहिल्या कामांपैकीं एक खानदेशांत होतें. धुळ्याच्या पश्चिमेस सुमारें पस्तीस मैलांवर दातर्ती नांवाचें गांव आहे. तेथें पांजरा नदीच्या एका पाटाचें पाणी पात्राखालून नळीनें पलीकडे न्यावयाचें होतें. या युक्तीस सायफन म्हणतात : नळीचीं दोन्ही तोंडें वर आणि पोट खालीं, म्हणजे पाणी एका बाजूनें उतरून दुसऱ्या बाजूस आपल्याच दाबानें चढतें. पावसाळा सुरू झाल्यामुळें काम पुढें ढकलावें असें तरुण इंजिनिअरनें लिहिलें. वरिष्ठांस तें रुचलें नाहीं आणि आज्ञापालनाविषयीं शंका घेणारें उत्तर आलें. तेव्हां नदीचे पूर सोसून विश्वेश्वरय्यांनीं तें काम पुरें केलें. प्रसंग लहान आहे. तथापि पाण्याचा स्वभाव आणि कचेरीचा स्वभाव, या दोहोंचा परिचय त्यांस एकाच पावसाळ्यांत झाला.

३

यानंतरचीं तीन कामें एका सूत्रांत ओंवतां येतात, आणि तें सूत्र दाखविणें हाच या लेखाचा हेतु आहे.

पहिलें काम सक्करचें. सिंध प्रांत त्या वेळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. शहर सिंधूच्या कांठीं असूनही पिण्यास स्वच्छ पाणी नव्हतें, कारण नदीचें पाणी गाळानें भरलेलें. तें गाळण्यासाठीं लागणारे हौद बांधण्याची ऐपत म्युनिसिपालिटीस नव्हती. विश्वेश्वरय्यांनीं नदीच्या पात्रांतच गोल विहीर खणविली आणि पात्राच्या तळाखालून तिला बोगदा जोडला. वाळूच्या थरांतून झिरपतांना पाणी आपोआप निवळे, विहिरींत सांठे आणि वाफेच्या पंपानें टेकडीवर चढविलें जाऊन शहरास मिळे. १८९५ सालीं गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्तें या कामाचें उद्घाटन झालें. गाळणी विकत घेण्याऐवजीं नदीच्याच वाळूस त्यांनीं गाळणी केलें.

दुसरें काम आपल्या अगदीं जवळचें, खडकवासल्याचें. कर्नल फाईफ यांच्या योजनेनुसार १८८० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या धरणावर पुणें व खडकी यांचें पिण्याचें पाणी आणि मुठा कालव्याची शेती अवलंबून असे. पावसाळ्यांत सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीनें पाणी वाहून जाई, आणि उन्हाळ्यांत तूट पडे. तें पाणी अडविण्यासाठीं सांडव्याच्या माथ्यावर दरवर्षीं मातीचा तात्पुरता बांध घालीत, आणि मोठा पूर आला कीं तो वाहून जाई. धरण उंच करावें तर खर्च अवाढव्य. विश्वेश्वरय्यांनीं सांडव्यावर प्रतिभारांनीं तोललेले दरवाजे बसविले. पाणी ठरीव पातळीस पोंचेपर्यंत ते मिटलेले राहत. पातळी ओलांडतांच पाण्याच्याच जोरानें उघडत, आणि पूर ओसरला कीं आपण होऊन मिटत. रात्रीं-अपरात्रीं माणसानें धांवत जाऊन चाक फिरविण्याचें कारण उरलें नाहीं. १९०३ सालीं पूर्ण झालेल्या या योजनेनें मूळ भिंतीस हात न लावतां सांठा सुमारें आठ फुटांनीं वाढला. या शोधाचा हक्क त्यांच्या नांवें नोंदविला गेला. परंतु तो सरकारी नोकरींत असतां केलेला म्हणून त्यांनीं मोबदल्याची अपेक्षा धरिली नाहीं. पुढें ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही याच जातीचे दरवाजे बसले.

तिसरें काम दगडचुन्याचें नव्हे, वांटणीचें. दख्खनच्या कालव्यांवर ऊंस लावणारे थोडे बागाईतदार बहुतेक पाणी घेत. तेथील जमीन अतिपाण्यानें खारावे, हिंवताप पसरे, आणि खालचीं गांवें कोरडीं राहत. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखालीं १९०१ सालीं नेमलेल्या पाटबंधारे कमिशनपुढें मुंबईच्या कालव्यांच्या अल्प उपयोगाचा प्रश्न निघाला, तेव्हां विश्वेश्वरय्यांनीं 'ब्लॉक' पद्धति मांडली. प्रत्येक गांवीं ठराविक क्षेत्राचे गट आंखावे, त्यांतील सुमारें तिसऱ्या हिश्शांतच ऊंस असावा, बाकीच्यांत हंगामी पिकें घ्यावीं, आणि पिकांचा फेरपालट करीत पाणी पाळीपाळीनें द्यावें, असा तिचा मथितार्थ. नीरा कालव्यावर ती अंमलांत आली.

तिन्ही ठिकाणीं नवें पाणी कोठूनही आणलेलें नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. सक्करला तें वाळूखालीं होतें, खडकवासल्यास सांडव्यावरून वाहत होतें, नीरेवर मूठभर मळ्यांत जिरत होतें. असलेल्या पाण्याचा हिशेब चोख करावयाचा आणि मगच नव्या बांधकामाचा विचार करावयाचा, ही त्यांची पद्धति. १९०६ सालीं एडनच्या पाणीपुरवठ्याविषयीं सल्ला देतांनाही लाहेजकडील नदीच्या पात्राखालचें पाणी त्यांनीं सुचविलें. सक्करचा धडा अरबस्तानच्या किनाऱ्यापर्यंत पोंचला. कौटिल्याच्या शब्दांत सांगावयाचें तर आहार्योदकाकडे वळण्यापूर्वीं त्यांनीं सहोदकाचा शेवटचा थेंब मोजला.

४

पुण्याच्या वास्तव्याची दुसरीही एक बाजू आहे. न्यायमूर्ति रानडे यांच्या सहवासाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला, आणि नामदार गोखले यांच्याशीं स्नेह जुळला. देशाच्या दारिद्र्याचा आंकड्यांनीं विचार करण्याची जी संवय त्यांच्या पुढील ग्रंथांत दिसते, तिचें मूळ पुण्यांतल्या या मंडळींत शोधावें लागेल.

१९०८ सालीं पूर्ण पेन्शनीस लागणारी पंचवीस वर्षें भरण्यापूर्वींच त्यांनीं नोकरी सोडली. चीफ इंजिनिअरची जागा नजीकच्या काळांत मिळण्यासारखी नव्हती. वरच्या पायऱ्यांवर ज्येष्ठ अधिकाऱ्यांची रांगच होती. त्याच वर्षीं २८ सप्टेंबर रोजीं मुसी नदीच्या पुरानें हैदराबादेंत अनर्थ केला. तेथें त्यांनीं दिलेल्या सल्ल्यांतून उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. १९०९ अखेर ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले. १९११ सालीं कृष्णराजसागराचें काम निघालें, आणि १९१२ ते १९१८ ते दिवाण होते. हा पुढचा इतिहास सुपरिचित आहे. त्याचा विस्तार करीत नाहीं.

५

आतां साधनांविषयीं. दातर्तीचा पूर, सक्करची विहीर, ब्लॉक पद्धति यांविषयीं वर जें लिहिलें, त्याचा पुष्कळ भाग शेवटीं विश्वेश्वरय्यांनीं १९५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी आठवणींपर्यंत जाऊन पोंचतो. नव्वदीच्या उंबरठ्यावर पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या गोष्टी सांगणारा तो ग्रंथ आहे. लेखक सत्यनिष्ठ होता याविषयीं शंका नाहीं. परंतु एका साक्षीदारावर निकाल देऊं नये, हा नियम आपण बखरींस लावतों. तो इंजिनिअरच्या आठवणींस कां लावूं नये? ब्लॉक पद्धतीस बागाईतदारांनीं विरोध केला. त्यांचें म्हणणें काय होतें? ज्याचा ऊंस तिसऱ्या हिश्शावर आला, त्याच्या अर्जांत काय लिहिलें होतें? हें आठवणींवरून कळणार नाहीं. तें कालव्याच्या कचेऱ्यांतील अर्ज, पाळीपत्रकें, गटांचे नकाशे यांवरूनच कळेल.

कांहीं वर्षांपूर्वीं जुन्या पोथ्यांच्या शोधांत मी एका रद्दीवाल्याकडे गेलों होतों. तेथें खळ दिलेल्या तलम कापडावर काढलेल्या एका कालव्याच्या नकाशाची घडी दिसली. आंखणी इतकी सुबक कीं एखाद्या लेखकूच्या बाळबोध अक्षराची आठवण व्हावी. भाव विचारला तेव्हां दुकानदार म्हणाला, "गुरुजी, हें तुमच्या काय कामाचें? खळ धुतली कीं शाई जाते. आंतलें कापड उत्तम निघतें, रुमालाला चालतें." कोणत्या कचेरींतून तें आलें हें त्यानें सांगितलें नाहीं, मींही विचारलें नाहीं. दोन तुकडे आधींच धुवून दोरीवर वाळत घातले होते. उरलेला मीं घेतला. त्यावर नदीचें नांव आहे. सन व सही असलेला कोपरा गेला आहे.

६

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें अपुरें धरण फुटलें आणि त्या लोंढ्यानें खडकवासल्याची भिंतही कोसळली. पुण्याच्या नदीकांठच्या पेठांचें काय झालें, तें आमच्या पिढीनें वडीलधाऱ्यांकडून ऐकलें आहे. ज्यांनीं त्या धरणाच्या सांडव्यावर आठ फूट पाणी तोलून धरलें होतें, ते विश्वेश्वरय्या त्या दिवशीं हयात होते. पुढच्या वर्षीं, एप्रिल १९६२ मध्यें, त्यांचें देहावसान झालें. फुटलें तें अलोट लोंढ्यानें, दरवाजांच्या दोषानें नव्हे. धरण पुन्हां बांधलें गेलें आणि पुण्यास अजूनही त्याचें पाणी मिळतें.

सुदर्शन तलाव आज नाहीं. तरी पुष्यगुप्त, तुषास्फ व सुविशाख हीं नांवें उरलीं, कारण कोणी तरी तीं खडकावर लिहून ठेविलीं. खडकवासला आहे, नीरा कालवा आहे. पण त्यांचा खडक कापडाचा आणि कागदाचा आहे, तो धुतला जातो. त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं सनदा, महजर व पोथ्या आहेत. त्यांच्या शेजारीं कालव्याचा एखादा नकाशा, पाटकऱ्याची वही किंवा बागाईतदाराच्या अर्जाची नक्कल यांसही जागा द्यावी आणि तिची नोंद मंडळाकडे पाठवावी, ही विनंति. मजजवळचा तुकडा मंडळाच्या दप्तरांत जमा करीत आहें. त्याचा हरवलेला कोपरा ओळखणारा कोणी भेटल्यास लेखाचें श्रेय त्याचें.