वर्षाची बेगमी : टंचाईच्या इतिहासातील काही पाने

महागाईची धास्ती मनुष्याच्या संसाराइतकीच जुनी आहे. भाव चढणार असल्याची कुणकुण लागताच घरात चार महिन्यांचे सामान भरून ठेवावे, ही गृहस्थाची स्वाभाविक प्रवृत्ती होय. या प्रवृत्तीला मराठीत दोन नावे आहेत. एक ‘बेगमी’ आणि दुसरे ‘साठेबाजी’. पहिल्या शब्दात गृहिणीच्या दूरदृष्टीचे कौतुक आहे, तर दुसऱ्यात निंदा आहे. धान्य तेच, पोतेही तेच; मग बेगमी कोठे संपते आणि साठेबाजी कोठे सुरू होते? गोंदिया परिसराने व महाराष्ट्राने गेल्या सव्वाशे वर्षांत अनुभवलेल्या टंचाईच्या प्रसंगांचा मागोवा घेतला असता या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळते.

धानाच्या मुलखातील रीत

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हा धानाचा मुलूख आहे. वैनगंगेचे खोरे, जुने मालगुजारी तलाव आणि इटियाडोहसारखे प्रकल्प यांच्या पाण्यावर येथील शेती उभी आहे. खरिपाचे धान कार्तिक-मार्गशीर्षात खळ्यावर येते. त्या वेळी बाजारात आवक भरपूर असल्याने भाव उतरलेला असतो. पुढे जसजसा उन्हाळा सरतो व पावसाळा येतो, तसतसा साठा घटतो आणि श्रावण-भाद्रपदात भाव चढतो. हे चक्र येथील प्रत्येक घराला ठाऊक होते. म्हणून जुन्या काळी वर्षाचे धान हंगामातच खंडी-पायलीच्या मापाने मोजून बांबूच्या तट्ट्याच्या, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत भरले जाई. तांदळाऐवजी धान साठविण्यात शहाणपण होते. टरफलातील दाण्याला कीड लवकर लागत नाही. लागेल तसे धान काढून कांडून घ्यावे, असा शिरस्ता होता.

हीच रीत इतर जिनसांची. मिरची आणि हळद माघ-फाल्गुनात, चिंच चैत्रात, तूर व गहू उन्हाळ्याच्या तोंडी, लोणच्याची कैरी वैशाखात आणि पापड-कुरडया-सांडगे मृगाच्या आधी. तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात, गव्हात कडुनिंबाचा पाला, धान्याला कडक ऊन. पावसाळ्यात वाटा चिखलाने बंद होत, नद्या-नाले दुथडी भरून वाहत आणि आठवडी बाजारही ओस पडे. त्या चार महिन्यांची तरतूद म्हणजेच बेगमी. तिच्यात भाववाढीपासून संरक्षण होते. परंतु तिचा मूळ हेतू उपयोगाचा होता, नफ्याचा नव्हता. शिवाय ही खरेदी माल विपुल असताना होत असल्यामुळे शेतकऱ्याच्या पडत्या भावाला तिचा आधारच मिळे.

छप्पनियाचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग या भागातून गेला आणि गोंदिया हे धान्याच्या व्यापाराचे मोठे ठाणे बनू लागले. त्याच सुमारास १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले. दुसरा दुष्काळ विक्रम संवत १९५६ मधील असल्यामुळे मारवाड व गुजरातकडील कुटुंबांत तो ‘छप्पनिया’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात राहिला. १९०१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ पेक्षा घटलेली आढळली, यावरून त्या काळाची कल्पना यावी.

या दुष्काळांनी एक नवे वास्तव समोर आणले. रेल्वेने दुष्काळी भागात धान्य आणले, तसेच जेथे भाव अधिक तेथे ते ओढूनही नेले. पूर्वी गावोगावी पेवांमध्ये व कोठारांमध्ये एकाहून अधिक वर्षांचे धान्य पडून असे. बाजार जवळ आल्यावर हा साठा विकून रोख रक्कम हाती घेण्याकडे कल वाढला. अवर्षण आले तेव्हा पेव रिकामे आणि खिशातील पैसा भावापुढे थिटा, अशी अनेकांची अवस्था झाली. साठवण सुटली तर काय होते, याचा हा धडा होता.

युद्धकाळ आणि कंट्रोल

साठवण भयापोटी वाढली तर काय होते, याचा धडा दुसऱ्या महायुद्धाने दिला. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. भाव वाढणार, ही भीती सर्वत्र पसरली. शेतकऱ्याने धान रोखले, व्यापाऱ्याने गोदाम भरले, ऐपतदार कुटुंबाने कोठीघर भरले. सरकार लष्करासाठी व शहरांसाठी खरेदी करीतच होते. १९४३ मध्ये बंगालमध्ये जो दुष्काळ पडला त्यात सरकारी चौकशी आयोगाच्या अंदाजानुसार सुमारे १५ लक्ष माणसे मृत्यू पावली. पुढील अभ्यासकांनी हा आकडा ३० लक्षांच्या आसपास नेला. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले, की बंगालमध्ये धान्य अगदीच नव्हते असे नाही. ते शेतमजूर, मच्छीमार, कारागीर यांच्या आवाक्याबाहेर गेले होते. युद्धखर्चाने फुगलेली मागणी आणि भीतीपोटीचे साठे यांमुळे भाव जेवढे चढले, तेवढी मजुरी चढली नाही. गोंदियाचे रूळ ज्या कोलकात्याला जाऊन मिळतात, त्याच शहराच्या पदपथांवर हे घडले.

धान्याप्रमाणेच कापडाचे झाले. गिरण्यांचे बरेचसे उत्पादन लष्कराकडे जाऊ लागले आणि लग्नसराईचे कापड आधीच घेऊन ठेवण्याची धडपड सुरू झाली. साध्या धोतर-लुगड्याचे भाव कित्येक पटींनी वाढले. अखेर जून १९४३ मध्ये सरकारने कापड व सूत नियंत्रण आदेश काढला. कापडाच्या कमाल किमती ठरल्या, त्या कापडावर छापण्याची सक्ती झाली आणि जुना साठा ठरलेल्या मुदतीत विकून टाकण्याचे बंधन आले. मुदत पडताच दडलेला माल बाहेर निघाला व भाव शिखरावरून उतरले. याचा अर्थ स्पष्ट आहे. कापड कमी होते हे खरेच. परंतु जेवढे कमी भासत होते तेवढे ते कमी नव्हते.

स्वातंत्र्यानंतर महात्मा गांधींच्या आग्रहाने डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणे उठविण्यास आरंभ झाला. माणसाच्या सद्‌बुद्धीवर महात्माजींचा विश्वास होता. तथापि भाव झपाट्याने चढले आणि १९४८ च्या उत्तरार्धात धान्य व कापड या दोहोंवर नियंत्रण पुन्हा आले. नियंत्रणाने चोरबाजार वाढतो हे जसे सत्य, तसेच संयमावाचून मुक्त बाजार गरिबाला पेलत नाही, हेही त्या वर्षाने दाखवून दिले. पुढे १९५५ मध्ये अत्यावश्यक वस्तू कायदा व १९८० मध्ये काळाबाजार प्रतिबंधक कायदा झाला. व्यापाऱ्याच्या साठेबाजीला आवर घालणे हा त्यांचा उद्देश होता. घरातील कोठीघराला मात्र मर्यादा घालायची ती गृहस्थाच्या विवेकानेच.

बहात्तरचा दुष्काळ आणि लाटणे मोर्चा

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्र विसरू शकत नाही. रेशनवर आलेला परदेशी तांबडा मिलो, दुष्काळी कामांवरील सुकडी आणि खडी फोडणारी हजारो कुटुंबे ही त्या काळाची ओळख. ज्वारी, तेल, साखर, रॉकेल, वनस्पती तूप यांसाठी रांगा लागल्या. एप्रिल १९७३ मध्ये केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःकडे घेतला आणि क्विंटलला ७६ रुपये भाव ठरविला. बाजारात त्याहून अधिक मिळेल या आशेने माल मंडीत येईनासा झाला. परिणामी १९७४ मध्ये हा प्रयोग सोडून द्यावा लागला व खरेदीचा भाव १०५ रुपयांवर न्यावा लागला. त्यातच ऑक्टोबर १९७३ नंतर खनिज तेल भडकले आणि १९७४ मध्ये महागाईने स्वातंत्र्योत्तर काळातील उच्चांक गाठला.

याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते आदी महिलांनी भिन्न पक्षांच्या असूनही एकत्र येऊन महागाईविरुद्ध समिती उभारली. हाती लाटणी व थाळ्या घेऊन मध्यमवर्गीय व कामगार वस्त्यांतील स्त्रिया रस्त्यावर आल्या. स्वतःच्या घरात अधिक माल कसा येईल, असा प्रश्न त्यांनी केला नाही. माल सर्वांना रास्त भावाने का मिळत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. बेगमीचा विचार एका घरापुरता न राहता वस्तीचा झाला, हे त्या आंदोलनाचे महत्त्व होय.

अलीकडील दोन प्रसंग

काळ बदलला, तरी प्रवृत्ती बदलली नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीची घोषणा होताच देशभर किराणा दुकानांपुढे गर्दी उसळली. ज्यांच्या हाती रोख होती त्यांनी दोन-तीन महिन्यांचे सामान एका दिवसात उचलले. गोंदिया जिल्ह्यात राइस मिलमधील हमाल, विडी वळणाऱ्या स्त्रिया, रोजंदारीचे मजूर अशी असंख्य कुटुंबे आजच्या कमाईतून आजचाच शिधा घेणारी आहेत. साठवायला त्यांच्याजवळ ना रक्कम, ना जागा. अशा कुटुंबांसाठी एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो मोफत धान्याची योजना आली. ती देता आली, कारण भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत साठा होता. १९६५ मध्ये स्थापन झालेले हे महामंडळ म्हणजे राष्ट्राने केलेली बेगमीच म्हणावयास हवी. गोंदियाच्या धानाचाही त्या कोठारात वाटा असतो, ही जिल्ह्यास अभिमानाची बाब आहे.

दुसरा प्रसंग तांदळाचाच. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविली. वृत्त पोहोचताच अमेरिकेतील भारतीय किराणा दुकानांत आपल्या लोकांची झुंबड उडाली; एकेका कुटुंबाने अनेक पिशव्या उचलल्या. काही दुकानदारांना प्रत्येक कुटुंबास एकच पिशवी, असा नियम करावा लागला. तेथे उपासमारीचा प्रश्नच नव्हता, गहू-मका मुबलक होता. तरीही भीतीने एका दिवसात टंचाई निर्माण केली. सप्टेंबर २०२४ मध्ये ही बंदी उठली. घाईने चढ्या भावात घेतलेल्या पिशव्यांनी दुसऱ्याचा वाटा मात्र त्या आठवड्यापुरता हिरावून घेतला होता.

शास्त्राची कसोटी

बेगमी आणि साठेबाजी यांतील सीमारेषा जैन आचारपरंपरेने फार पूर्वी आखून ठेवली आहे. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात धन-धान्यादिकांचे परिमाण स्वतःच ठरवायचे असते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताच्या दोषांमध्ये ‘अतिसंग्रह’ सांगितला आहे आणि टीकाकारांनी त्याचा अर्थ नेमका केला आहे. पुढे विशेष लाभ होईल या लोभाने धान्यादिकांचा अतिरिक्त साठा करणे, तो अतिसंग्रह. म्हणजे दोष साठवणुकीत नसून तिच्या हेतूत व प्रमाणात आहे.

अहिंसेची दृष्टीही येथे लागू पडते. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ व हिवाळ्यात ७ दिवस मानली जाते. धान्य साठवावे, पीठ साठवू नये. कारण तेथे जीवोत्पत्ती होते. जे धान्य घरातील माणसे वेळेवर निवडू, वाळवू व वापरू शकत नाहीत, ते कीटकांच्या हिंसेचे कारण बनते. म्हणून निवडून-वाळवून वर्षभरात संपेल एवढेच धान्य ही गृहस्थाची योग्य मर्यादा ठरते.

या संदर्भात भद्रेश्वरच्या जगडूशाहांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. विक्रम संवत १३१३ ते १३१५, म्हणजे इसवी सन १२५६ ते १२५८ च्या सुमारास पडलेल्या दुष्काळापूर्वी गुरूंच्या सूचनेवरून त्यांनी मोठा धान्यसंग्रह केला, अशी परंपरा सांगते. दुष्काळात कोठारे उघडली तेव्हा त्यांतील ताम्रपटावर हे धान्य गरिबांसाठी असल्याचा लेख होता, असे सर्वानंदसूरींच्या जगडूचरितावरून रूढ झालेल्या कथेत येते. साठा अफाट होता; तथापि त्याला कोणी अतिसंग्रह म्हटले नाही, कारण तो भरतानाच त्याचा धनी ठरलेला होता.

उपसंहार

या सर्व प्रसंगांतून एक सूत्र हाती येते. हंगामात, विपुलतेच्या वेळी आणि उपयोगापुरती केलेली साठवण घराला व बाजारालाही उपकारक असते. टंचाईची हाक ऐकून, इतरांबरोबर धावत जाऊन केलेली साठवण मात्र जी टंचाई टाळायची, तीच वाढविते आणि तिचा पहिला घाव रोज आणून रोज खाणाऱ्यावर बसतो.

म्हणूनच बेगमीची खरी परीक्षा भाव चढल्यानंतर होते. ज्याच्या घरात वर्षाचे धान्य आहे, त्याने त्या दिवसांत बाजारात न जाणे हीही एक प्रकारची सेवाच होय; कारण त्याने न घेतलेले पोते दुसऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचते. याहून एक पाऊल पुढे टाकता येईल. मार्गशीर्षात ज्या भावाने सधन घरे तांदूळ भरतात, त्याच भावाचा लाभ हमाल, विडी कामगार व विधवा भगिनींना हप्त्याने फेडीच्या सोयीवर मिळाला, तर एकरकमी पैसा नसल्यामुळे भाद्रपदात चढ्या दराने किलो-किलो घेण्याची त्यांची सक्ती टळेल. त्यासाठी धानाचा मुलूख आहे, गिरण्या आहेत, व्यापाराची पिढीजात जाण आहे. कमतरता असेलच तर ती केवळ संकल्पाची असू शकते.