पत्ता मेवनचा, कोठार आयव्हीचं

अपाचे स्पार्कच्या कामाला बाहेरची एखादी लायब्ररी हवी असली की ‘स्पार्क-सबमिट’ला ‘--पॅकेजेस’ हा पर्याय द्यायचा. पुढे गट, नाव आणि आवृत्ती हे तीन तुकडे कोलननं जोडून लिहायचे. ही पत्ता लिहिण्याची रीत मेवन या बिल्ड टूलची. लायब्ररीची जार फाइल येते तीही मेवन सेंट्रलवरून. पण स्पार्क ३ पर्यंत ती उतरवून ठेवली जायची ते होम फोल्डरमधलं लपलेलं फोल्डर होतं ‘.आयव्ही२’. मेवनच्या घरात हे आयव्ही कुठून आलं? स्पार्कच्या साऱ्या इतिहासात मला हाच धागा सर्वांत मोलाचा वाटतो.

स्पार्कचा जन्म सर्वश्रुत आहे: २००९ मध्ये बर्कलीत मातेई झहारियानं सुरुवात केली, २०१० मध्ये कोड खुला झाला, २०१३ मध्ये प्रकल्प अपाचेकडे गेला. आयव्हीचं कूळ वेगळं. अँट या बिल्ड टूलला लायब्रऱ्या आपणहून आणता येत नव्हत्या. ती उणीव भरायला आयव्ही आलं. २००६ मध्ये ते अपाचेच्या इन्क्युबेटरमध्ये शिरलं आणि पुढच्याच वर्षी अँटचा उपप्रकल्प झालं. स्पार्कचं बिल्ड मात्र अँटवर चालत नाही.

माझ्या मते मधला दुवा आहे एसबीटी. स्पार्क स्कालात लिहिलेला, स्कालावाल्यांचं बिल्ड टूल एसबीटी, आणि एसबीटीच्या पोटात लायब्रऱ्या शोधायला आयव्ही. २०१५ च्या स्पार्क १.३ मध्ये ‘--पॅकेजेस’ आला, तेव्हा स्पार्कची मंडळी आयव्हीला चांगलीच सरावलेली होती.

यावर दुसरं मत असं मांडता येईल की आयव्ही आटोपशीर आहे, स्वतःबरोबर जारचं लटांबर आणत नाही, म्हणून ते निवडलं. मुद्दा खरा आहे, पण आयव्ही इथे का टिकलं एवढंच त्यातून कळतं. त्याला कोणी आणलं ते कळत नाही. माझा पुरावा शोधाच्या क्रमात आहे. सेंट्रलकडे जाण्याआधी स्पार्क मशीनवरच दोन ठिकाणी पाहतो: मेवनचा स्थानिक साठा आणि आयव्हीच्या फोल्डरातला ‘लोकल’ हा कप्पा. एसबीटीनं ‘पब्लिश-लोकल’ केलेल्या जार स्पार्क ३ पर्यंत नेमक्या याच कप्प्यात पडायच्या. गंमत म्हणजे स्पार्कच्या कोडमध्ये हे काम करणाऱ्या फंक्शनचं नावच ‘रिझॉल्व्ह-मेवन-कोऑर्डिनेट्स’ आहे. नाव मेवनचं आणि आत सगळा कारभार आयव्हीचा!

या उसनवारीचा परिणाम रोजच्या कामावर होतो. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या, तर मेवन अवलंबनाच्या झाडात मुळाजवळची आवृत्ती घेतो. आयव्ही सर्वांत नवी घेतं. समजा, तुमच्या प्रकल्पानं ग्वावा या लायब्ररीची १६ ही आवृत्ती थेट मागितली आहे आणि तुम्ही घेतलेल्या दुसऱ्या एका लायब्ररीला ग्वावा २७ हवं आहे. मेवननं बिल्ड केलंत तर १६ मिळेल. तेच पत्ते ‘--पॅकेजेस’ला दिलेत तर २७ येईल. घरी चाललेलं काम क्लस्टरवर ‘नो-सच-मेथड’ म्हणत कोसळतं, त्यामागे कधीकधी हाच फरक असू शकतो.

एका बाबतीत मात्र स्पार्क मेवनच्याच वळणावर गेला. सर्व्हलेटची जार वेब सर्व्हरकडे असतेच, म्हणून मेवनमध्ये ती ‘प्रोव्हाइडेड’, म्हणजे आधीच पुरवलेली, अशी नोंदवतात. स्पार्कच्या स्वतःच्या जारही क्लस्टरवर असतातच. म्हणून ‘--पॅकेजेस’ त्या आपोआप वगळतो.

एसबीटीनं २०१९ मध्ये, १.३ आवृत्तीत, आयव्ही सोडून कुर्सिए हे लायब्रऱ्या शोधणारं दुसरं साधन धरलं. स्पार्कनं आयव्ही सोडलेलं नाही, ४.० पासून फक्त फोल्डरचं नाव ‘.आयव्ही२.५.२’ झालं आहे. तेव्हा ‘--पॅकेजेस’ वापरणाऱ्यांना एकच सांगणं: काम सुरू होताना पडद्यावर जो तक्ता उमटतो, त्यातला ‘इव्हिक्टेड’ हा रकाना आधी वाचा. तिथे शून्य नसेल, तर कोणती आवृत्ती बाद झाली ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.