घड्याळ पुढे, स्मृती मागे

कवायतीच्या तासाला शिक्षक शिट्टी वाजवतात आणि पन्नास मुले एकदम हात वर करतात. शिट्टीचा ताल थोडा वाढवला तरी कवायत चालू राहते. आणखी वाढवला की मागच्या रांगेतले एखादे मूल चुकते, त्याचा हात शेजाऱ्याला लागतो आणि पाहता पाहता सगळी रांग विस्कटते. दुरून पाहणाऱ्याला फक्त विस्कटलेली रांग दिसते. पहिली चूक कोणाची, हे त्याला सांगता येत नाही.

संगणकातही अशीच एक शिट्टी असते. क्वार्ट्झचा लहानसा स्फटिक ठरावीक गतीने कंप पावतो आणि त्याच्या तालावर प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, आणि स्मृती, म्हणजे मेमरी, आपापली कामे करतात. निर्मात्याने ठरवून दिलेल्या तालापेक्षा हा ताल वाढवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ साली या हौसेला मोठे उधाण आले. त्या वेळी प्रक्रियक मजेत पुढे धावत असे, पण स्मृती मागे पडत असे. मग दोष नेमका कोणाचा, हे शोधून काढण्याची एक पद्धतच तयार झाली. ती पद्धत प्रयोगशाळेत शिकवण्याच्या पद्धतीहून वेगळी नाही, म्हणून तिचा इतिहास आपण पाहू.

स्फटिक बदलणारे हौशी

आयबीएम कंपनीने १९८४ साली पीसी-एटी हा संगणक बाजारात आणला. त्याचा प्रक्रियक ६ मेगाहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० लाख ठोक्यांनी चाले. आतल्या मंडलावर १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता आणि त्याची गती निम्मी करून वापरली जात होती. काही हौशी लोकांनी तो स्फटिक काढून १६ मेगाहर्ट्झचा बसवला. संगणक ८ मेगाहर्ट्झने चालू लागला आणि बऱ्याच जणांचा बिनतक्रार चालला. आयबीएमने मग पुढच्या यंत्रांतील बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रथम चालणाऱ्या आज्ञावलीत, वेग मोजण्याची सोय केली. वेग जास्त आढळला तर यंत्र सुरूच होत नसे.

ठरवून दिलेल्या वेगापेक्षा यंत्र जास्त वेगाने चालू शकते, ते का? एकाच सिलिकॉनच्या चकतीवर बनलेल्या चिपा अगदी सारख्या नसतात. कारखान्यात प्रत्येकीची चाचणी होते आणि ती ज्या वेगाला खात्रीने चालते त्या वेगाचा शिक्का तिच्यावर बसतो. ही खात्री देताना उन्हाळ्यातली उष्णता, विजेच्या दाबातील चढउतार, चिपेचे वय वाढणे हे सगळे धरून थोडी सवड राखून ठेवलेली असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही राखीव सवड खर्च करतो. ती आयती मिळालेली नसते, पुढच्या अडचणीसाठी ठेवलेली असते.

गळके भांडे

आता स्मृतीकडे वळू. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या गतिक स्मृतीची मूळ कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिशय लहान धारित्र मिळून एक कोठी बनते. धारित्रात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. रचना इतकी साधी असल्यामुळे ती दाटीवाटीने बसवता येते आणि स्वस्त पडते.

पण हे भांडे गळके आहे. भार हळूहळू निसटून जातो. म्हणून स्मृतीतील प्रत्येक ओळ साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरून ठेवावी लागते. उष्णता वाढली की गळती वाढते, त्यामुळे ८५ अंश सेल्सियसच्या वर हे काम दुप्पट वेळा करावे लागते.

वाचण्यालाही वेळ लागतो. ओळ उघडली की प्रत्येक कोठीतला चिमूटभर भार लांबलचक तारेवर पसरतो. त्यामुळे तारेच्या विद्युतदाबात अगदी थोडा फरक पडतो. तो फरक मोठा करून ० की १ हे ठरवायचे, मग मागितलेला स्तंभ निवडून उत्तर बाहेर पाठवायचे. यातील प्रत्येक पायरीला काही नॅनोसेकंद लागतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग. घड्याळाचा ताल आपण बदलू शकतो, पण भार वाहायला लागणारा वेळ त्यामुळे कमी होत नाही. पुढचा सगळा गोंधळ या एका वाक्यात आहे.

तीनशेचा साडेचारशे

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रक्रियक विक्रीला आणला. प्रक्रियक आणि बाकीचा संगणक यांना जोडणारी जी सामाईक वाट असते तिला बस म्हणतात. या प्रक्रियकासाठी बसचा ताल ६६ मेगाहर्ट्झ ठरलेला होता आणि प्रक्रियक स्वतः त्याच्या साडेचारपट, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झने चाले. हा साडेचारचा गुणक इंटेलने कायमचा बंद करून टाकला होता. त्याला कारण होते. कमी वेगाच्या चिपेवर जास्त वेगाचा शिक्का मारून ती चढ्या भावाने विकण्याचे प्रकार बाजारात झाले होते.

गुणक बदलता येत नसला तरी बसचा ताल बदलता येत होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंटेलचा ४४०बीएक्स हा चिपसंच आला होता आणि तो १०० मेगाहर्ट्झची बस अधिकृतपणे चालवत असे. त्याच्या मुख्य मंडलावर सेलेरॉन बसवून बस १०० वर नेली की १०० गुणिले साडेचार म्हणजे ४५० मेगाहर्ट्झ! पेंटियम-२ मध्ये कॅश स्मृतीच्या चिपा वेगळ्या असत आणि त्या प्रक्रियकाच्या निम्म्या वेगाने चालत. ३००ए मध्ये १२८ किलोबाइटची कॅश प्रक्रियकाच्याच सिलिकॉनवर होती, त्यामुळे ती पूर्ण वेगाने धावे. कितीतरी महाग असलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम-२ च्या जवळपास हा स्वस्त प्रक्रियक जाऊन पोचला.

पण बस सामाईक होती. शिट्टीचा ताल वाढला तो सगळ्यांसाठीच वाढला. ज्यांनी जुन्या संगणकातील ६६ मेगाहर्ट्झची स्मृती काढून नव्या मंडलावर लावली, त्यांचा प्रक्रियक तयार होता, स्मृती मात्र नव्हती.

नॅनोसेकंदांचा हिशोब

हा हिशोब फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. बस ६६ मेगाहर्ट्झची असताना दोन ठोक्यांमधले अंतर १५ नॅनोसेकंद असते. स्तंभ मागितल्यापासून किती ठोक्यांनी उत्तर घ्यायचे हे बायॉसमध्ये ठरवता येते. ते दोन ठोके असेल तर स्मृतीला ३० नॅनोसेकंद मिळतात. आता बस १०० मेगाहर्ट्झची केली. ठोका १० नॅनोसेकंदांचा झाला आणि त्याच दोन ठोक्यांत फक्त २० नॅनोसेकंद उरले. जिला २५ नॅनोसेकंद लागतात ती स्मृती कालपर्यंत निर्दोष होती, आज ती अधूनमधून चुकणार. ठोक्यांची संख्या तीन केली की पुन्हा ३० नॅनोसेकंद मिळतात आणि बऱ्याच संगणकांचे दुखणे तेवढ्यानेच थांबे. सगळ्यांचे मात्र थांबत नसे. उत्तराचा संकेत तारेवर स्थिर होण्यासाठीही १० नॅनोसेकंदांचाच अवधी उरला होता. म्हणूनच पीसी-१०० हे स्मृतीचे नवे मानक आणावे लागले.

दुसरा एक विरोधाभास पाहा. इतर कार्डे ज्या पीसीआय बसवर असत तिचा ताल ३३ मेगाहर्ट्झ अपेक्षित असे. मुख्य बस ६६ असेल तर तिला २ ने आणि १०० असेल तर ३ ने भागून तो मिळे. मधल्या ८३ या आकड्याला मात्र बहुधा २ नेच भागले जाई आणि पीसीआय ४१ च्या वर जाई. अशा वेळी हार्ड डिस्कवरची माहिती बिघडण्याचा धोका असे. १०० पेक्षा ८३ कमी, म्हणून तो सुरक्षित असणार, हे अनुमान येथे चुकीचे ठरते.

पहिली चूक कोणाची?

अशा संगणकाची लक्षणे फसवी असत. यंत्र सुरू होई, पत्र टंकलिखित होई. पण मोठी संकुचित फाइल उलगडताना पडताळणीची बेरीज जुळत नसे, विंडोज बसवताना काम अर्ध्यावर थांबे आणि निळा पडदा आला की त्यावरचा संदेश दर वेळी निराळा असे. लिनक्स वापरणाऱ्यांना हा अनुभव गाभ्याचा प्रोग्राम कंपाइल करताना येई. 'सिग्नल ११' असा संदेश देऊन कंपायलर मध्येच बंद पडे. कंपायलर स्मृतीत हजारो पत्ते लिहून ठेवतो. पत्त्यातला एक बिट उलटला की तो भलत्याच घरी जाऊन पोचतो. येथे लोकांनी एक सुंदर कसोटी शोधली. तेच काम पुन्हा चालवायचे. चूक दर वेळी त्याच ठिकाणी आली तर संशय प्रोग्रामवर घ्यायचा. ठिकाण बदलत राहिले तर संशय यंत्रावर.

यंत्रावर संशय गेल्यावर पहिले काम म्हणजे सगळे मूळ वेगाला आणणे. मूळ वेगालाही चुका होत असतील तर ओव्हरक्लॉकिंगला दोष देता येत नाही. स्मृतीची पट्टी सैल बसलेली असेल किंवा तिची एखादी कोठी निकामी असेल. वेगाशी संबंध नसलेली आणखीही कारणे असतात. १९७८ साली इंटेलमधील टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपेच्या वेष्टनातील युरेनियम व थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कण स्मृतीतील बिट उलटवू शकतात.

मूळ वेगाला सर्व ठीक असेल तर वेग पुन्हा वाढवायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फक्त स्मृतीचे ठोके दोनाचे तीन केल्याने चुका थांबल्या, तर दोष स्मृतीचा. ठोके तसेच ठेवून प्रक्रियकाचा विद्युतदाब किंचित वाढवल्याने थांबल्या, तर दोष प्रक्रियकाचा. दोन्ही एकदम बदलले आणि संगणक सुधारला, तर संगणक मिळतो पण उत्तर मिळत नाही.

या कामाला दोन साधने आली. क्रिस ब्रेडी यांनी १९९४ साली तयार केलेला मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम विंडोजसारख्या कोणत्याही प्रणालीशिवाय स्वतःच सुरू होतो, त्यामुळे जवळजवळ सगळी स्मृती त्याला तपासता येते. तो ० आणि १ चे निरनिराळे नमुने लिहितो, वाचतो, उलटे करून पुन्हा लिहितो. चूक नेहमी एकाच पत्त्यावर येत असेल तर कोठी बिघडलेली असण्याचा संभव अधिक. चुका विखुरलेल्या असतील आणि यंत्र तापल्यावर वाढत असतील तर वेगाचा संशय घ्यावा. पट्ट्या एकेक करून लावल्या की नेमकी कोणती पट्टी मागे पडते तेही कळते.

दुसरे साधन गणिताच्या शोधातून आले. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा सामूहिक उपक्रम सुरू केला. प्राइम९५ हा त्याचा प्रोग्राम. एका संख्येची परीक्षा घरच्या संगणकावर दिवसेंदिवस चाले आणि मधला एक बिट चुकला तरी सगळे श्रम वाया जात. म्हणून ज्यांची उत्तरे आधीच माहीत आहेत अशी गणिते करून यंत्राची परीक्षा घेण्याची सोय त्यात होती. ओव्हरक्लॉकिंगवाल्यांनी ती उचलली. नंतरच्या आवृत्त्यांत कॅशमध्ये मावणारी लहान गणिते आणि मुख्य स्मृती लागणारी मोठी गणिते वेगवेगळी निवडता येऊ लागली. लहान गणितांतच चूक आली तर प्रक्रियकाकडे बोट जाते. लहान बरोबर आणि मोठी चूक, तर स्मृतीकडे.

न ओरडणारी चूक

संगणक बंद पडला तर आपण चिडतो, पण ती चूक निदान दिसते तरी. खरी भीती न दिसणाऱ्या चुकीची. एखाद्या विद्यार्थ्याचे गुण ३५ आहेत. द्विमान पद्धतीत ते १०००११ असे लिहिले जातात. शेवटचा एक बिट उलटला की १०००१०, म्हणजे ३४. उत्तीर्ण मुलगा अनुत्तीर्ण झाला. यंत्र बंद पडले नाही, कसला संदेश आला नाही, आणि गुणपत्रक सुबक छापले गेले.

यावर उपाय जुना आहे. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली चूक केवळ ओळखणारी नव्हे, तर दुरुस्तही करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली. १९८१ च्या आयबीएम पीसीत निदान चूक ओळखण्याची सोय होती. स्मृतीच्या दर ८ चिपांमागे नववी चिप केवळ तपासणीसाठी असे. एक बिट बिघडला की यंत्र थांबे. पुढे खर्च वाचवण्यासाठी घरगुती संगणकांतून ही नववी चिप गेली. १९९५ च्या इंटेल ४३०एफएक्स या चिपसंचात तर या तपासणीची सोयच नव्हती. म्हणजे लोक घड्याळ पळवू लागले होते त्याच काळात घरातला राखणदार रजेवर गेला होता.

२०११ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांचे अहवाल तपासले. वेग वाढवलेली यंत्रे जास्त वेळा कोसळतात आणि एकदा कोसळलेले यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता कितीतरी वाढते, असे त्यांना आढळले.

त्यानंतर यंत्रे खूप बदलली. स्मृतीचे नियंत्रण प्रक्रियकाच्या आत गेले, एएमडीने ते २००३ साली आणि इंटेलने २००८ साली केले. २००७ पासून स्मृतीच्या पट्टीवरच वाढीव वेगाची मापे साठवलेली असू लागली आणि बायॉसमध्ये एक पर्याय निवडला की ती लागू होऊ लागली. पुष्कळांना ठाऊक नसते, की वेष्टनावर छापलेला वेग अनेकदा मानकाच्या वरचा असतो आणि तो पर्याय निवडणे हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. २०२० साली मानक ठरलेल्या डीडीआर-५ स्मृतीत चिपेच्या आत चुका दुरुस्त करण्याची सोय आहे, पण चिपेपासून प्रक्रियकापर्यंतच्या वाटेवर होणारी चूक त्यात सापडत नाही. म्हणून नवा संगणक अधूनमधून कोसळत असेल, तर आजही पहिली पायरी तीच: वाढीव वेगाचा पर्याय बंद करा आणि मूळ वेगाला पाहा.

शाळेच्या संगणकाचा वेग वाढवण्याच्या भानगडीत पडू नये, असेच आम्ही सुचवू. गुणपत्रकाच्या कामाला वेगापेक्षा खात्री महत्त्वाची. पण हा हिशोब आणि ही शोधपद्धती वर्गात अवश्य सांगावी. लंबकाच्या प्रयोगात आपण मुलांना सांगतो, की दोरीची लांबी बदलताना गोळा बदलू नका. तो नियम कशासाठी आहे, हे त्यांना बंद पडलेल्या संगणकापुढे बसून अधिक लवकर पटेल.