अस्थींचा वारसा : पितृज की मातृज?

एखादा गुण मनुष्याच्या अंगी जन्मतःच मुरलेला असला म्हणजे आपण त्यास 'हाडाचा शेतकरी', 'हाडाचा गवई' असे म्हणतो. पेण-रोहे भागात स्थळ पाहतानाही वडीलधारी मंडळी 'हाडपेर' कसे आहे याची चौकशी करीत. हाड ही वारशाची वस्तु आहे, ही समजूत आपल्या भाषेतच रुजलेली आहे. ती कितपत खरी, याचा इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

चरक व सुश्रुत या संहितांच्या शारीरस्थानात या प्रश्नाचे जुने उत्तर सापडते. केस, नखे, दात, अस्थि असे जे जे स्थिर ते पित्यापासून, आणि रक्त, मांस, मेद, मज्जा, हृदय, यकृत असे जे मृदु ते मातेपासून, अशी वाटणी तेथे केली आहे. वाटणी मोठी सुबक! वंश पित्याच्या नावाने सांगणाऱ्या समाजास ती मानवली असल्यास नवल नाही. मात्र ती मोजून पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते.

ते साधन 1987 च्या सुमारास आले. 'डेक्सा' नामक यंत्र अत्यल्प क्ष-किरणांनी हाडांतील खनिजाचे माप घेते. 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेने याच मापावरून ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होण्याचा विकार, याची व्याख्या ठरविली. त्याच वर्षी सिडनी येथील संशोधकांनी 'ड' जीवनसत्त्वाशी संबंधित अशा एकाच जनुकातील फरकावरून हाडांची घनता ओळखता येते, असे प्रसिद्ध केले. फार गाजावाजा झाला; परंतु 1997 साली त्यांनाच आपले आकडे दुरुस्त करावे लागले. 2012 पर्यंत अशी 56 जनुकस्थाने निश्चित झाली, तर 2019 साली ब्रिटनमधील सव्वाचार लाखांहून अधिक लोकांच्या तपासणीवरून त्यांची संख्या 518 वर गेली. हा वारसा एकरकमी नसून पै-पैशाने आलेला आहे. हाडांच्या घनतेत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा निम्म्याहून अधिक भाग असा आनुवंशिक असतो.

मग पै अधिक कोणाच्या, पित्याच्या की मातेच्या? याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी 1993 साली पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचे निरीक्षण आरंभिले. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची व दोन्ही पालकांची हाडे मोजली. मुलाच्या हाडांचे पित्याच्या हाडांशी जितके साम्य, तितकेच मातेच्या हाडांशी निघाले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या लेखात आणखीही एक गोष्ट आहे. गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, मांसमासळी असे कॅल्शियमयुक्त अन्न ज्या मातांच्या पानात वारंवार पडले, त्यांच्या मुलांची हाडे अधिक भरीव होती. मातापित्यांच्या हाडांचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा फरक उरला.

येथे आम्हांस आपल्या घरांतील पंगत आठवते. पुरुष व मुले उठल्यावर उरलेसुरले सुनेच्या वाट्यास येई, मग ती गरोदर का असेना. पूर्वी निदान वरकस जमिनीत पिकलेली नाचणी आणि कवचासकट खाल्लेला जवळा तिला मिळे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमांच्या आसपास कॅल्शियम असते, तितक्याच तांदळात दहाच्या आसपास. नाचणी मागे पडली, भात तेवढा राहिला. पुढे ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीची हाडे झपाट्याने झिजू लागतात, आणि म्हातारी न्हाणीघरात घसरून खुबा मोडला की दोष शेवाळास दिला जातो.

शेफील्ड विद्यापीठाने 2008 साली अस्थिभंगाचा धोका अजमावण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तीत आई किंवा वडील यांचा खुबा मोडला होता काय, असा स्पष्ट प्रश्न आहे. आपल्या वंशावळींत मात्र सात पिढ्यांचे पुरुष सापडतात आणि आजीचे नावही सापडत नाही. म्हणून मंडळाच्या पुढील वंशावळपत्रकात आजीचे नाव व माहेर, तसेच घरात कोणाचा खुबा मोडला असल्यास त्या वेळचे वय, असे रकाने घालावेत, असे आम्ही कार्यकारिणीस लिहून कळविले आहे.